कलम सापडत नाहीये, गोगलगाय सापडली

प्रश्न : ताई, मी पुण्याची, बारावीनंतर जर्मनीत आले, आता लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढचं सेमिस्टर लंडनला करायचंय. तिथून टॉर्ट्सची (म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याला केलेल्या नुकसानीची भरपाई, त्या विषयाची) रीडिंग लिस्ट आली तर त्यात नुसते खटलेच खटले, कलम एक नाही! आम्हाला इथे आधी कलम वाच, त्याचे घटक पाड, मग केस त्यात बसते का बघ असं शिकवलंय. कलमच नसेल तर सुरुवात करू कुठून?

उत्तर : अगं, गोष्टीपासून कर. खरंच सांगते. तुमच्याकडे बीजीबी, म्हणजे जर्मन नागरी कायद्याचं पुस्तक, १९०० साली लागू झाला तेव्हा नियम आधी लिहून ठेवले होते, इंग्लंडात उलटं झालं, बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीचे जज गावोगाव फिरून निवाडे द्यायला लागले आणि हळूहळू सगळ्या राज्याला कॉमन असा कायदा त्या निवाड्यांतूनच साचत गेला.

तुझ्या लिस्टमध्ये डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन असणारच, तीच घे. १९२८ चा ऑगस्ट, स्कॉटलंडमधलं पेझली गाव, मे डोनह्यू मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली, मैत्रिणीने तिला जिंजर बिअर घेऊन दिली, बाटली गडद रंगाची त्यामुळे आतलं काही दिसेना, थोडी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर म्हणे त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर आली. बाई आजारी पडली. आता बघ, पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे कॅफेवाल्याशी हिचा करार नाही आणि बाटली भरणाऱ्या स्टीव्हन्सनशी तर नाहीच नाही. मग दावा कशाच्या जोरावर लावायचा?

तू असतीस तर लगेच बीजीबीचं नुकसानभरपाईचं कलम ८२३ उघडलं असतंस, आरोग्याला इजा, निष्काळजीपणा, टिक टिक टिक. हाऊस ऑफ लॉर्ड्सकडे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाकडे, असं कलम नव्हतं म्हणून ते जुने निवाडे उपसत बसले आणि १९३२ मध्ये ३ विरुद्ध २ अशा निसटत्या बहुमताने म्हणाले की माल गिऱ्हाइकापर्यंत जसाच्या तसा पोचणार, मधे कोणी तपासायची शक्यता नाही, तर बनवणाऱ्याने गिऱ्हाइकाची काळजी घेतलीच पाहिजे. निकालासाठी जेवढं लागतं तेवढं म्हणजे रेशो, ते पुढच्या खालच्या कोर्टांना बांधतं. जाता जाता बोललेलं ते ऑबिटर, ते ऐकायचं पण बांधील नाही. त्यातले एक जज लॉर्ड ॲटकिन ‘शेजारी कोण’ (म्हणजे आपल्या वागण्याची झळ ज्याला लागू शकते तो) यावर जे बोलले ते सगळ्यांना पाठ असतं पण त्यातलं नक्की किती रेशो यावर लोक अजून भांडतात, तुलाही ट्युटोरियलमध्ये भांडायला लावतील. (गोगलगाय खरंच होती का हे कोर्टात कधी सिद्धच झालं नाही! तथ्यं खरी धरून फक्त कायद्याचा प्रश्न ठरवला, पुढे मामला सेटल झाला.)

आता खरी गंमत पुढे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या डॉ. ग्रँटना नवीन लोकरी अंडरवेअर घालून त्वचारोग झाला, कपड्यात केमिकल राहिलेलं. कंपनीचा वकील म्हणाला बाटली सीलबंद होती, हे कपडे तर नुसत्या कागदी पुड्यात होते, कोणीही उघडून बघितलं असतं, म्हणजे ती केस इथे लागू नाही. याला डिस्टिंग्विश करणं म्हणतात आणि वकिलाचं अर्धं आयुष्य यातच जातं. १९३५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (लंडनचं कोर्ट, तेव्हा ऑस्ट्रेलियातली अपिलं तिथे जायची) ऐकलं नाही, सील महत्त्वाचं नाही, दोष तसाच गिऱ्हाइकापर्यंत पोचला हे महत्त्वाचं. बाटलीतून नियम असा कपड्यात शिरला. म्हणून प्रत्येक केस वाचताना वहीत एकच लिही, कुठलं तथ्य बदललं असतं तर निकाल फिरला असता?

आणि तुझ्या जर्मनीचे जज फक्त कलम वाचतात असंही समजू नकोस बरं का. १९६८ ची कोंबड्यांच्या लशीची केस आठव, लस टोचली आणि कोंबड्या रोगाने मेल्या, तेव्हा सर्वोच्च कोर्टाने चूक नव्हती हे सिद्ध करायचं ओझं उत्पादकावर टाकलं. ८२३ मध्ये ते कुठे लिहिलंय? फरक एवढाच की तुमचा जज कलमाचा अर्थ लावतोय असं म्हणतो.

प्रश्न : मी मडगावचा, लॉ करतोय. आमच्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड आहे, मग आम्ही जर्मनीसारखे सिव्हिल लॉवाले, म्हणजे लिहिलेल्या कोडवर चालणारे का?

उत्तर : अर्धे, तेही घरच्या बाबतीत. १८६७ चा तो कोड, खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवीन आणला पण गोव्यात १९६१ नंतरही जुन्याचा कुटुंबाबद्दलचा भाग बराचसा टिकला. बाकी करार १८७२ च्या भारतीय कायद्याने, अपील मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाकडे, आणि राज्यघटनेच्या कलम १४१ मुळे सुप्रीम कोर्टाने ठरवलेला कायदा सगळ्यांना बंधनकारक. म्हणजे पुस्तक लिस्बनचं असलं तरी ते वाचायची पद्धत लंडनवरून आलेली. पेपरात नवराबायकोच्या सामाईक मालमत्तेवर नुसतं कोडचं कलम लिहून थांबू नकोस, त्यावरचं हायकोर्टाचं जजमेंट शोध आणि त्यातली तथ्यं दोन ओळीत टाक.