व्हाइट हाऊसचा खुलासा आणि खुलाशाचा खुलासा

अमेरिकी निवडणुकीवरच्या मागच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. पत्रकारिता शिकणाऱ्या मुलामुलींची त्यात जास्त. सगळ्यांचा रोख साधारण एकाच गोष्टीकडे आहे: वर्तमानपत्रं आणि वाहिन्या रोज झोडपत असताना राष्ट्राध्यक्षांची माणसं प्रचार सांभाळतात कसा? त्यातले चार प्रश्न या वेळी घेतो.

प्रश्न: अध्यक्ष पुन्हा निवडणुकीला उभे असतात तेव्हा विरोधात आलेल्या प्रत्येक बातमीला त्यांची टीम उत्तर देते का?

छे! तसं करायचं ठरवलं तर दुसऱ्या कशाला वेळच उरणार नाही. वाचतात मात्र सगळं. निक्सन यांच्यासाठी रोज बातम्यांचा गोषवारा तयार व्हायचा आणि ते त्याच्या समासात शेरे मारून तो परत पाठवायचे. आता तेच काम फोनवर दिवसभर चालतं. पण वाचून झाल्यावर ‘हे खोटं कसं पाडायचं’ यावर कोणी डोकं लावत बसत नाही. ‘आज संध्याकाळी लोक कशाबद्दल बोलले पाहिजेत’ हे आधी ठरतं. रेगन यांच्या टीमने दिवसाला एकच मुद्दा ठरवायची शिस्त घालून घेतली होती, आणि त्या मुद्द्याला शोभेल असं दृश्य उभं करण्यात त्यांचे सल्लागार मायकेल डीव्हर यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

हे किती कामाला येतं ते पाहा. 1984 च्या प्रचारात सीबीएस वाहिनीच्या लेस्ली स्टॉल यांनी रेगन यांच्यावर जवळजवळ सहा मिनिटांची चांगलीच बोचरी बातमी केली. पडद्यावर अध्यक्ष दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धेत, वृद्धांच्या निवासाच्या उद्घाटनाला, सगळीकडे हसतमुख. आणि मागून स्टॉल सांगतायत की याच गोष्टींच्या निधीला यांनी कात्री लावायचा प्रयत्न केला. आता व्हाइट हाऊसचा फोन येणार आणि आपली खरडपट्टी निघणार, असं त्या धरून चालल्या होत्या. फोन आला, पण पलीकडचा अधिकारी खुशीत होता. इतकी छान दृश्यं दाखवलीत, तुम्ही काय बोललात ते कोणी ऐकलंच नाही, असं त्याचं म्हणणं. ही हकिगत स्टॉल यांनी स्वतःच सांगितली आहे. बातमी लिहिणाऱ्या माणसाला ती आजही झोंबते, मला तरी झोंबते.

मग उत्तर द्यायचं कधी? उमेदवाराच्या स्वतःच्या तोंडचं वाक्य त्याच्यावर उलटलं की गप्प बसून भागत नाही. जुलै 2012 मध्ये ओबामा व्हर्जिनियातल्या रोनोकच्या सभेत रस्ते, पूल, शिक्षक यांच्याबद्दल बोलत होते. यशस्वी माणसाच्या मागे हे सगळं असतं, असा मुद्दा. पण ओघात ते असं काही बोलून गेले की ‘तुमचा धंदा तुम्ही उभा केलेला नाही’ एवढंच उचलता यावं. विरोधकांनी ते उचललं, जाहिराती केल्या, आणि रिपब्लिकन पक्षाच्या टॅम्पातल्या अधिवेशनात ‘आम्हीच उभं केलं’ ही घोषणा मिरवली. संदर्भ तोडला, संदर्भ तोडला, असं प्रवक्ते किती दिवस म्हणणार? शेवटी ओबामांनाच कॅमेऱ्यात पाहून सांगावं लागलं की माझे शब्द तोडूनमोडून दाखवले जातायत, आणि तीच जाहिरात म्हणून दाखवली.

आरोपच हास्यास्पद असेल तर मात्र रागावायचं नाही, हसायचं. यात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पासंगाला पुरेल असा कोणी मला दिसत नाही. 1944 मध्ये विरोधकांनी उठवलं की अध्यक्ष आपला कुत्रा फाला अलास्काजवळच्या अलूशन बेटांवर विसरले आणि त्याला आणायला करदात्यांच्या पैशाने नौदलाची विनाशिका पाठवली. 23 सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये वाहतूक कामगारांच्या संघटनेच्या मेजवानीत रूझवेल्ट गंभीर चेहऱ्याने म्हणाले: माझ्यावर, माझ्या बायकोवर, मुलांवर टीका करा, आम्हाला राग नाही, फालाला मात्र येतो. तो जातीने स्कॉटिश (स्कॉटिश माणूस चिकट म्हणून प्रसिद्ध), त्यामुळे खर्चाचा आकडा ऐकून त्याचा आत्मा खवळला, तेव्हापासून तो पहिल्यासारखा राहिलाच नाही. भाषण रेडिओवरून देशभर गेलं. त्यानंतर विनाशिकेची गोष्ट काढणाराच हास्यास्पद ठरू लागला. नोव्हेंबरात रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले; अर्थात कुत्र्यामुळे नव्हे, युद्ध चालू होतं.

प्रश्न: निवडणुकीचा विषय निघाला की प्रेस सेक्रेटरी, म्हणजे व्हाइट हाऊसचे प्रवक्ते, ‘ते प्रचार कार्यालयाला विचारा’ म्हणून हात झटकतात. ही पळवाट नाही का?

पळवाट आहेच, पण तिला कायद्याचा आधार आहे. 1939 च्या हॅच कायद्याने सरकारी पगारावरच्या माणसाला कामाच्या वेळेत किंवा पदाचा वापर करून प्रचार करता येत नाही. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांनाच पूर्ण सूट. म्हणून व्हाइट हाऊसचं प्रेस ऑफिस आणि प्रचाराची टीम ही दोन वेगळी बिऱ्हाडं. कायद्याला दात मात्र कमी. 2019 मध्ये ट्रम्प यांच्या सल्लागार केलीॲन कॉनवे यांना वारंवार उल्लंघन केल्याबद्दल काढून टाका, अशी शिफारस झाली. त्या जागेवरच राहिल्या. 2023 मध्ये बायडेन यांच्या प्रेस सेक्रेटरी करीन जाँ-पिएर यांनाही ताकीद मिळाली. पुढे काही झालं नाही.

प्रश्न: टीम इतकी हुशार असते, तर गोष्टी हाताबाहेर कशा जातात?

बहुतेक वेळा सारवासारव करताना. 2024 चंच घ्या. 27 ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदवीराने प्वेर्तो रिकोला तरंगता कचरा म्हटलं. त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या कमला हॅरिस यांच्या टीमच्या हाती आयतं कोलीत आलं. 29 तारखेला हॅरिस यांचं व्हाइट हाऊसजवळच्या इलिप्स मैदानावर मोठं भाषण होतं. त्याच संध्याकाळी त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष बायडेन एका व्हिडिओ कॉलवर अडखळत असं बोलले की ‘त्यांचे समर्थक हाच कचरा’ असं ऐकू आलं. व्हाइट हाऊसने लेखी प्रत काढली तेव्हा त्यात इंग्रजीतलं मालकी दाखवणारं चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) अशा जागी होतं की अर्थ व्हावा ‘त्यांच्या समर्थकाचं बोलणं हाच कचरा’. म्हणजे समर्थक एकच, तो विनोदवीर. आपल्याकडे याला ‘ध’चा ‘मा’ म्हणतात. भाषणं शब्दशः टिपणाऱ्या सरकारी लघुलेखकांच्या प्रमुखांनी हरकत घेतली, असोसिएटेड प्रेसने ती बातमी दिली, आणि बायडेन काय बोलले यापेक्षा प्रत कोणी बदलली हे गाजलं. दुसऱ्या दिवशी ट्रम्प विस्कॉन्सिनमध्ये कामगाराचं जाकीट घालून कचऱ्याच्या ट्रकमध्ये बसले. हॅरिस इलिप्सवर काय बोलल्या, आठवतं कोणाला?

बोलताना चुकलं, माफ करा, एवढं म्हटलं असतं तर दीड दिवसात मिटलं असतं, असं माझं मत.

प्रश्न: प्रेस सेक्रेटरीला खोटं बोलायची वेळ आली तर?

बहुतेक जण ‘त्याबद्दल माझ्याकडे माहिती नाही’ या वाक्याच्या आड उभे राहतात, आणि पुष्कळदा ते खरंही असतं, कारण त्यांना मुद्दामच सांगितलेलं नसतं. जेरल्ड टेरहॉर्स्ट यांचं असंच झालं. वॉटरगेट प्रकरणात निक्सन पायउतार झाल्यावर अध्यक्ष झालेल्या फोर्ड यांनी ऑगस्ट 1974 मध्ये या अनुभवी वार्ताहराला प्रेस सेक्रेटरी नेमलं. निक्सन यांना माफी द्यायचं काही घाटतंय का, असं पत्रकार विचारत होते. आतून कळलं तसं त्यांनी नाही म्हणून सांगितलं. 8 सप्टेंबरला फोर्ड यांनी माफी जाहीर केली. टेरहॉर्स्ट यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला आणि पुन्हा ‘डेट्रॉइट न्यूज’मध्ये जाऊन स्तंभ लिहू लागले.