भंगारात जुना स्टिल कॉन्ट्रा चेनसॉ मिळाला, इंजिन जाम आहे. चालू होईल का?

बहुधा होईल, पण दोरी हिसडू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं डिझेल सोडा, एक-दोन दिवस मुरू द्या. मग सायलेन्सर उतरवून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघा. उभे खोल ओरखडे दिसले तर खर्च वाढला म्हणून समजा.

१९५९चं हे जर्मन मशीन बिनगिअरचं, त्यामुळे सुटे भाग मोजकेच. स्पार्क नसेल तर फ्लायव्हीलखालचे पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) साफ करा. दुखणं बरेचदा तिथेच असतं. कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ लवचिक पडदा) मात्र बघत बसू नका, सरळ नवा घाला.

बॉडी मॅग्नेशियमची आहे. गंज घालवायला व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड लावलंत तर धातूच खाल्ला जाईल. आणि चेन ब्रेक, म्हणजे करवत उसळली तर साखळी झटकन थांबवणारा ब्रेक, नाही, त्यामुळे झाडं तोडायला मी तरी हा वापरणार नाही.