इनचार्ज सिस्टरच्या जाचाला कंटाळून नोकरी सोडावी आणि नाशिकमध्ये होम नर्सिंग सुरू करावं का?

ताई, जरूर सुरू करा. पण त्या जाचाने तुमचं काय हिरावून घेतलंय ते आधी ओळखा, कारण धंद्याला नेमकं तेच लागतं.

मी मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदीचा तक्ता बेडलाच लावावा, म्हणजे बेडसोर (पडून पडून होणाऱ्या जखमा) टळतील, असं मी सुचवलं. भर राउंडला, नातेवाइकांसमोर इनचार्ज सिस्टरचं उत्तर मिळालं, "तू डॉक्टर झालीस का?" पुढच्या रोस्टरला सलग नाइट. मी सुचवणं बंद केलं आणि ते बघून नव्या मुलीही गप्प झाल्या. पुढच्या पाळीला हँडओव्हर द्यायचा, घर गाठायचं. यात पेशंटचं केवढं नुकसान होतं, हे कुणी मोजत नाही.

माझी होम केअरची सेवा त्याच तक्त्यावर उभी राहिली. इंदिरानगर, गंगापूर रोडला कितीतरी घरांत मुलं परदेशी आणि आई-वडील अंथरुणात. कूस कशी बदलायची, नाकातून पोटात घातलेल्या नळीने (राइल्स ट्यूब) भरवताना डोक्याकडची बाजू का उंच ठेवायची, हे घरच्यांना शिकवणारं कुणी नसतं. म्हणून तुमच्या ज्या सूचना हाणून पाडल्या, त्या आजच वहीत उतरवा. तेच तुमचं भांडवल.

रागाच्या भरात राजीनामा मात्र नको. मूळ सर्टिफिकेटं हॉस्पिटलकडे असतील तर ती आधी ताब्यात घ्या, अनुभवाचं पत्रही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, पाहा. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय घरी इंजेक्शन देऊ नका, कुणी कितीही गळ घातली तरी.

जाचात अश्लील बोलणं किंवा स्पर्श असेल तर गप्प राहून निघून जाऊ नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागतेच. तक्रार साधारण ३ महिन्यांच्या आत लेखी द्यायची. राज्याचा २०१० चा कायदा दवाखान्यातल्या मारहाण-तोडफोडीसाठी आहे, रोजच्या टोमण्यांना तो उपयोगी पडत नाही.

सगळ्यात जड जातं ते पैसे मागणं. वर्षानुवर्षं मान खाली घालून "हो सिस्टर" म्हटलेल्या बाईचा आवाज दर सांगताना बसतो. माझ्याकडे आलेल्या चांगल्या हुशार मुलींचंही हेच होतं. त्यावर एकच करा: दिवसपाळीचा, रात्रपाळीचा, ड्रेसिंगचा दर वेगवेगळा छापून घ्या आणि पहिल्याच भेटीत तो कागद घरच्यांच्या हातात द्या.