पेट्या उघडण्याआधी दांडी बसवा

नऊ कोंबड्या, एक कोंबडा, पाच तासांचा प्रवास आणि नवांतली एक खुडूक, म्हणजे उबवायला बसलेली. कमीत कमी त्रास होईल असं त्यांना नवीन घरी कसं न्यायचं, गुंगीचं औषध द्यावं का, आणि पोचल्यावर मोकळं कधी सोडायचं, असे तुमचे प्रश्न आहेत. मी माझा कळप दोनदा हलवलाय. पहिल्या वेळी एक जीव गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण घर म्हणतो ते अंगणाला. कोंबडीचं घर म्हणजे दिवस मावळताना ती चढून बसते ती दांडी आणि शेजारी रोज बसणाऱ्या तिच्या सोबतिणी. एवढं सांभाळलंत की निम्मा ताण गेला. खुराडं अख्खं नेता आलं तर तेच न्या. नाहीतर दांडी, अंड्यांचे खोके आणि दाण्यापाण्याची भांडी तरी जुनीच असू द्या. खोक्यातला थोडा जुना कोरडा भुसाही घ्या. नवीन जागेची जाळी, कडी, छप्पर आधीच तपासून ठेवा आणि पेट्या उघडण्याआधी दांडी पूर्वीच्याच उंचीवर बसवा.

गुंगीचं औषध अजिबात नको. अंधार पुरतो. कोंबडीला रात्री फार कमी दिसतं, त्यामुळे दांडीवर बसलेली कोंबडी निमूट हातात येते. दिवसा पाठलाग करून धरलेली मात्र प्रवास सुरू व्हायच्या आधीच थकते. धरताना दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा, एक तळहात छातीखाली ठेवा. पाय धरून उलटं लटकवू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, नसतं, त्यामुळे उलटं केलं की पोटातल्या अवयवांचा भार हवेच्या पिशव्यांवर येतो. छाती आवळणंही तितकंच वाईट. छातीचं हाड वरखाली हललं तरच पक्ष्याला श्वास घेता येतो.

आता पेट्या. माझी चूक इथेच झाली. एकमेकींची सोबत राहील म्हणून मी सगळ्यांना एकाच मोठ्या पेटीत घातलं आणि तळाला नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक ठेवलं. वळणावर सगळ्या घसरून एका कोपऱ्यात ढीग झाल्या. सगळ्यात खाली सापडलेली गुदमरली. तलंग होती, पहिलं अंडंही घातलं नव्हतं तिनं. म्हणून सांगते, एका पेटीत दोन, फार तर तीन. दांडीवर शेजारी बसतात त्यांनाच एकत्र ठेवा, कोंबड्याला वेगळं. पेटी अशी हवी की बसून मान सरळ ठेवता येईल, पण पंख पसरून उसळी मारता येणार नाही. तळाला जाड पेंढा, चारही बाजूंना भोकं. वरून पातळ कापड टाका, पण भोकं झाकू नका.

प्रवासात खरा शत्रू उष्णता. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि जादा उष्णता ती मुख्यतः धापा टाकून बाहेर काढते. म्हणून रात्री पेट्या भरा आणि पहाटे अंधारातच निघा. गाडीच्या बंद डिकीत ठेवू नका, थांबलेल्या बंद गाडीत तर पाच मिनिटंही नाही. चोच उघडी आणि पंख अंगापासून सुटलेले दिसले तर लगेच सावलीत थांबा, दारं उघडा, पाणी द्या. वाटेत दाणे लागत नाहीत. पाणी सांडत असेल तर पाणीदार फळाच्या फोडी टाका.

पोचल्यावर आधी पाणी, मग दाणे. पेट्या खुराड्याच्या आत नेऊन दार उघडा आणि बाजूला व्हा, त्यांच्या त्या बाहेर येतील. पहिल्या संध्याकाळी काही जमिनीवरच बसतील. अंधार पडल्यावर उचलून दांडीवर ठेवा, दोन-तीन रात्रींत स्वतः चढू लागतात.

मोकळं सोडायची घाई करू नका. निदान सात दिवस खुराडं आणि त्याला लागून असलेली जाळीची जागा, एवढंच. दुसऱ्या स्थलांतराच्या वेळी चौथ्या दिवशीच मला त्यांची कीव आली आणि मी दार उघडलं. संध्याकाळी चौघी कुंपणावर, दोघी झुडपात. शेवटची सापडेपर्यंत मध्यरात्र झाली. सात दिवसांनंतरही पहिल्यांदा सोडाल ते सूर्यास्ताच्या तासभर आधी, दाण्याचा डबा वाजवून परत बोलावता येतील अशा बेतानं.

अंडी थांबली तर घाबरू नका. एक अंडं तयार व्हायला साधारण 25 तास लागतात, त्यातले 20 च्या आसपास कवचाला. त्या वेळात कोंबडी घाबरली की कवच पातळ होतं किंवा त्यावर वळ उमटतात. आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेक गाडी रुळावर येते. तोवर खाद्य बदलू नका, नवीन पक्षी आणू नका. टोचाटोची वाढली तर दाणे दोन ठिकाणी ठेवा. अंडी नाहीत म्हणून काळजी नको, शीट मात्र रोज बघा. ताणामुळे दबलेले आजार डोकं वर काढतात. शीटेत रक्त दिसलं किंवा पिसं फुलवून एकटी बसली, तर वाट न बघता पशुवैद्यांना दाखवा.

खुडूक कोंबडीखाली फळलेली अंडी असतील आणि तारीख तुमच्या हातात असेल, तर 21 दिवस पुरे होऊन पिल्लं बाहेर येऊ द्या आणि चार दिवसांनी आई-पिल्लांना स्वतंत्र पेटीतून न्या. अर्ध्यावर हलवलं तर धक्क्यांनी अंडी खराब होतात आणि बऱ्याचदा ती बसणंच सोडते. खाली अंडी नसतील तर तिला इतरांबरोबरच न्या, जागा बदलली की पुष्कळदा खुडूकपणही उतरतो.