विमानाच्या पोटातली लिफ्ट

प्रश्न : उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या जुन्या पंख्याच्या विमानात चक्क लिफ्ट होती, असं चहाच्या टपरीवर एकानं सांगितलं. खरं काय? आणि एवढं भोक पाडल्यावर विमान कमजोर होत नाही का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : त्या टपरीवाल्या दोस्ताला माझ्यातर्फे एक कटिंग पाजा, गडी खरं बोललाय. विमानाचं टोपणनाव 'सेक्रेड काऊ'. डग्लस डीसी-४ या चार इंजिनांच्या प्रवासी विमानाचा लष्करी अवतार म्हणजे सी-५४. त्यातलंच हे एक, १९४४ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी खास बनवलेलं. १९२१च्या आजारपणापासून त्यांचे पाय अधू होते. व्हीलचेअर वर चढवायची तर लांबलचक उतार लावायला हवा, आणि युद्धाच्या दिवसांत विमानतळावर तसा उतार दिसला की कोण येणार ते शेंबड्या पोरालाही कळणार! म्हणून केबिनच्या मागं लिफ्ट बसवली. खुर्चीसकट माणूस जमिनीवरून थेट आत.

आता तुमच्या धंद्याचं. मी हवाई दलात फिटर होतो, पत्र्याशीच हयात गेली. भोक पाडलं की नुसता पत्रा जात नाही, त्यातून वाहणारा भारही तुटतो. तो कडेनं जाड चौकट बसवून वळवून न्यावा लागतो, दाराभोवती असतो तसा. त्यातून हे विमान प्रेशराइज्ड नव्हतं. आत हवेचा दाब धरायचा नाही म्हटल्यावर निम्मी डोकेदुखी गेली. पंखही बदललेले : धड सी-५४एचं, पंख सी-५४बीचे, कारण त्यांत इंधन जास्त मावायचं. बुलेटप्रूफ खिडकी, बैठकीची खोली, विजेवरचा फ्रिज हा साहेबी थाट होताच. मला त्याचं कौतुक नाही. सोफे कुणीही बसवतो.

एवढं करून रूझवेल्ट यांनी ते वापरलं एकदाच. फेब्रुवारी १९४५मध्ये, दोस्त राष्ट्रांच्या नेत्यांच्या याल्टा परिषदेला. माल्टापर्यंत जहाजानं, तिथून क्रिमियाला या विमानानं. एप्रिलमध्ये ते वारले. पुढं विमान आलं नवे अध्यक्ष ट्रूमन यांच्याकडं, धडधाकट माणूस, लिफ्टशी काय संबंध! २६ जुलै १९४७ला आजारी आईकडं निघताना त्यांनी यातच राष्ट्रीय सुरक्षा कायद्यावर सही केली. अमेरिकेचं हवाई दल लष्करापासून वेगळं झालं ते याच कायद्यानं.

सध्या ते ओहायोत, डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. तिकडं कुणी पाव्हणा असेल तर फोटो मागवा, पण शेपटीकडचे, खालून काढलेले. नाकाचे तर सगळेच काढतात.