फोटोत धूर डोक्यावर, मग ॲप हिरवं कसं?

ताई, नाशिकहून आलेल्या तुमच्या सासऱ्यांना दमा आहे, उपग्रहाच्या फोटोत न्यू जर्सीतल्या तुमच्या एडिसनवर धुराचा पट्टा दिसतोय आणि ॲप मात्र हवा चांगली म्हणतंय. अशात त्यांना संध्याकाळी फिरायला पाठवू का, हा तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. जून 2023 मध्ये मी याच पेचात होतो, फक्त सासऱ्यांच्या जागी माझी आई होती. मी डॉक्टर नाही, हवामानतज्ज्ञही नाही. औषधाचं डॉक्टरांनाच विचारा.

फोटो कुठे बघायचे ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थेट माझ्या चुकीवर येतो.

त्या वर्षी मे महिन्यात पश्चिम कॅनडातल्या अल्बर्टाच्या वणव्यांचा धूर आमच्याकडे आला होता. आकाश दुधाळ, सूर्य तांबूस, उपग्रहाच्या जिओकलर, म्हणजे डोळ्यांना दिसतात तशा रंगांच्या, चित्रात राखाडी पदर स्पष्ट. पण खाली हवा ठीक होती, कारण धूर उंचावरून चालला होता. त्यावरून मी ठोकताळा बांधला की फोटोतला धूर वरचा असतो, आपल्याला बाधत नाही. 6 जूनला, मंगळवारी, पूर्व कॅनडातल्या क्यूबेककडून धुराचा पट्टा दक्षिणेला सरकताना दिसला तेव्हाही मी आईला म्हणालो, "जा गं बिनधास्त." दीड तासाने ती पदर नाकाला लावून परत आली. दारातच बसली, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि पदराला ओल्या लाकडाच्या चुलीचा वास. दम्याचा पंप दोनदा द्यावा लागला. खोकला पुढे तीन आठवडे होता. दुसऱ्या दिवशी दुपारी न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी झालं आणि एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, काही तास 400 च्या वर होता, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल.

उपग्रह सुमारे 36 हजार किलोमीटरवरून खाली बघतो. जमिनीपासून वरपर्यंतचा सगळा धूर त्याला एकाच चित्रात चेपलेला दिसतो, उंची कळत नाही. अल्बर्टाचा धूर लांबून, वरच्या वाऱ्यावर आला होता. क्यूबेक जवळ, आणि आपल्या ईशान्येला मेन-नोव्हा स्कोशियाच्या बाजूला ठाण मांडून बसलेला कमी दाबाचा पट्टा तो धूर खालूनच दक्षिणेला ओढत होता. शिवाय ऊन तापलं की हवा घुसळते आणि वर तरंगणारा धूरही खाली उतरतो. म्हणून सकाळच्या हिरव्या ॲपवर संध्याकाळ ठरवू नका. ॲपचा आकडा मागच्या काही तासांच्या सरासरीवर असतो, धूर झपाट्याने आला तर तो मागे राहतो.

आता मी फोटो एकटा कधीच बघत नाही. एचआरआरआर-स्मोक या धुराचा अंदाज देणाऱ्या संगणकीय मॉडेलचे दोन नकाशे मिळतात, एक जमिनीलगतच्या धुराचा आणि एक वरपर्यंतच्या एकूण धुराचा. दोन्ही शेजारी ठेवा. दुसरा गडद आणि पहिला कोरा असेल तर धूर वर आहे. मॉडेलही चुकतं, म्हणून नेवार्क विमानतळाचा ताजा हवामान अहवाल बघा. त्यात एफयू ही अक्षरं आली तर तो धूर, आणि दृश्यमानता घसरलेली असेल तर तो तुमच्या नाकापर्यंत पोचलाय. ॲनिमेशन लावून पट्टा कुठे सरकतोय तेही बघा. अंगणातला वारा वेगळ्याच दिशेचा असेल तर पट्टा बहुधा उंचावर असतो.

ढग की धूर असा घोळ झाला तर इन्फ्रारेड चित्र लावा. ढग दिसतो, पातळ धूर गायब होतो. भर दुपारी पट्टा फिका पडला म्हणून हुरळून जाऊ नका. सकाळ-संध्याकाळच्या तिरक्या उन्हात तो उठून दिसतो, दुपारी तोच धूर फिका वाटतो. रात्री तर जवळजवळ दिसतच नाही.

7 तारखेला मी आमच्या इमारतीच्या व्यवस्थापन कार्यालयात तीन फोन केले. बाहेरची हवा आत खेचणारा पंखा बंद करा, एवढंच मागणं. "वरून सूचना आलेली नाही," हेच उत्तर तीनदा मिळालं. खिडक्या बंद करून आम्ही बसलो आणि जिन्यातून धूर आत येत राहिला. अजूनही आठवलं की संताप येतो. तुमच्या इमारतीत तो पंखा कोण बंद करतं, हे आजच विचारून ठेवा. शेवटी मी चौकोनी पंख्याला मर्व्ह 13 दर्जाचा, बारीक कण अडवणारा फिल्टर चिकटपट्टीने लावून आईच्या खोलीत ठेवला. माझ्या मते महागड्या यंत्राची वाट बघण्यापेक्षा ते बरं. कापडी मास्कचा उपयोग नाही, एन 95 हवा.

आजचं विचाराल तर संध्याकाळी 5 ते 8 चा जमिनीलगतचा नकाशा उघडा. जरा जरी रंग दिसला तरी सासऱ्यांना बागेऐवजी मॉलमध्ये चालायला न्या. आणि पंप त्यांच्या खिशात असू द्या, घरी टेबलावर नको.