वर्डप्रेसमध्ये पहिले स्थिर पान करण्यापूर्वी

संकेतस्थळ तयार करण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीत ‘पोस्ट’ (तारखेनुसार मांडला जाणारा लेख) आणि ‘पेज’ (स्थिर पान) सुरुवातीला सारखेच वाटतात, परंतु वाचनालयाच्या संकेतस्थळावरील ‘संपर्क’ किंवा ‘सभासद वर्गणी’ यांसारखा मजकूर तारखेनुसार मागे पडू नये असे वाटत असेल, तर तो पेज म्हणूनच करा. पेजची ही सोय २००५ साली वर्डप्रेसच्या १.५ या आवृत्तीत आली. पेजला मुळात वर्गवारी व टॅग (विषय दाखवणाऱ्या खुणा) नसतात. त्याऐवजी एका पानाखाली दुसरे पान ठेवता येते.

प्रकाशित करण्यापूर्वी सर्वाधिक लक्ष पानाच्या वेब-पत्त्याच्या शेवटच्या भागाकडे, म्हणजे स्लगकडे, द्यावे असे मी आग्रहाने सांगेन. मराठी शीर्षकावरून स्लगही देवनागरीत तयार होतो आणि त्यातील प्रत्येक अक्षर, तसेच प्रत्येक काना-मात्रा, साठवताना टक्केचिन्हे (%) असलेल्या सांकेतिक रूपात नऊ चिन्हांची जागा घेते. स्लगची मर्यादा मात्र २०० चिन्हांचीच आहे. माझ्या ‘वाचनालयाच्या सभासदत्वाचे नियम’ या पानाचा पत्ता त्यामुळे ‘वाचनालयाच्या-सभासदत्वाच’ येथेच तुटला, आणि तो व्हॉट्सॲपवर पाठवला की सभासदांना टक्केचिन्हांची लांबलचक माळ दिसे. म्हणून शीर्षक खुशाल मराठीत ठेवा, पण स्लग रोमन लिपीत एक-दोन शब्दांचा स्वतः लिहा.

हे आधीच करा, कारण प्रकाशित पोस्टचा स्लग बदलल्यास वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्या पत्त्यावर नेते, पेजच्या बाबतीत तशी नोंद ठेवत नाही.

मुखपृष्ठासाठी केलेले पान ‘सेटिंग्ज’मधील ‘रीडिंग’ येथे निवडावे लागते. नवे पान मेनूमध्ये आले आहे का, हेही तपासा. पुष्कळदा ते हाताने जोडावे लागते.